शाईपेनाकडे परतताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं शाईपेन कुणी हातात घेतलं, टोपण काढून दोन ओळी लिहून पाहिल्या, की पुढच्या पाच मिनिटांत यांतले निम्मे प्रश्न येतात. उरलेले महिन्याभराने येतात, त्यांनी स्वतःचं पेन घेतल्यावर.

इतकी वर्षं बॉलपेनने भागलं. आता हे खूळ कशाला?

गरज म्हणून कुणीच परत येत नाही. बॉलपेन सुकत नाही, कुठल्याही कागदावर चालतं, कसंही फेकलं तरी कुरकुरत नाही. लास्लो बिरोने १९३८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत शाईपेन रोजच्या कामातून जवळजवळ हद्दपार झालं, ते काही उगाच नाही.

पण बॉलपेनातली शाई तेलकट आणि घट्ट असते. टोकातली गोळी फिरायची तर कागदावर जोर द्यावा लागतो, आणि हा जोर इतका अंगवळणी पडतो की आपण दाबतोय हेच कळेनासं होतं. शाईपेनातली शाई पाण्यासारखी पातळ. ती निबेच्या टोकाशी आधीच येऊन थांबलेली असते, कागदाला नुसतं टेकायचं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मला जाणवलं ते एवढंच: तीन पानं लिहून झाली आणि अंगठा दुखत नव्हता. खाली येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या जुन्या दाबण्यात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवलं.

लहानपणीचं पेन गळायचं. आताचीही गळतात का?

सहसा नाही. ते का गळायचं हे एकदा समजून घेतलं तर भीती जाते.

शाईची टाकी पेनात वर आणि निब खाली असूनही शाई भळाभळा वाहत नाही, कारण तिच्या जागी टाकीत हवा शिरल्याशिवाय ती बाहेर पडूच शकत नाही. निबेखाली जो काळा खाचांचा तुकडा असतो, ज्याला फीड म्हणतात, तो ही देवाणघेवाण सांभाळतो. बारीक खाचेतून केशाकर्षणाने शाई पुढे येते, त्याच वाटेने हवा मागे जाते. फीडवर आडव्या पट्ट्या दिसतात त्या शोभेच्या नाहीत. जास्तीची शाई आली तर ती त्यांच्या फटींत थांबते. लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये अमेरिकेत अशा फीडचं पेटंट घेतलं आणि तिथून शाईपेन खऱ्या अर्थाने भरवशाचं झालं. (विम्याच्या करारावर शाई सांडून ग्राहक हातचा गेला म्हणून त्याने पेन शोधलं, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. गोष्ट छान आहे, पण पुराव्याला टिकत नाही.)

गळणारी पेनं बहुतेक ड्रॉपरने भरायची असत, म्हणजे पेनाची अख्खी नळीच टाकी. शाई निम्म्याखाली गेली की वर हवा बरीच होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला पुढे ढकलते. म्हणून आपली बोटं नेमकी शाई संपत आल्यावर रंगायची. अशी पेनं आजही मिळतात आणि मला आवडतात. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि शाई पाव नळीवर येण्याआधी पुन्हा भरायची, एवढं पाळलं तर ती शहाण्यासारखी वागतात.

जुनं पेन सापडलंय, आतली शाई वाळून दगड झाली आहे. फेकून देऊ का?

मुळीच नाही. माझी सुरुवातच अशा पेनाने झाली. शाई सुकून किती वर्षं झाली होती कोण जाणे, पुढचा भाग हलायला तयार नव्हता. मी तो पक्कडीने फिरवायला निघालो होतो, तेवढ्यात फोन आला, आणि पेन वाचलं. तुम्ही फोनची वाट पाहू नका. पक्कड नकोच.

निबेकडचा भाग साध्या, थंड पाण्यात बुडवून ठेवा. पाणी निळं झालं की बदला. माझ्या पेनाने दोन दिवस वाटीभर निळं पाणी दिलं आणि तिसऱ्या दिवशी आपणहून सुटलं. गरम पाणी वापरू नका. जुनी पेनं बऱ्याचदा एबोनाइटची असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची, आणि गरम पाण्याने त्यांचा काळा रंग विटून तपकिरी-हिरवट होतो. स्पिरिट तर लांबच ठेवा, कित्येक प्रकारचं प्लास्टिक त्याने विरघळतं. काही जुनी पेनं केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून केलेली असतात. ती पाण्यातच फुगतात. कशाचं आहे हे ठाऊक नसेल तर पेनाचा बाहेरचा भाग भिजवू नका, फक्त निब आणि फीड बुडेल एवढंच पाणी घ्या.

पेनाच्या अंगावर धातूची छोटी कळ असेल तर आत रबरी पिशवी आहे असं समजा. ही पद्धत वॉल्टर शेफर या अमेरिकी पेनवाल्याने १९१२ पासून बाजारात आणली आणि नंतर अनेकांनी उचलली. पिशवीचं रबर काळाने कडक होतं आणि कळ ओढली की तुकडे होतात, म्हणून ती कळ ओढून बघण्याचा मोह आवरा. पिशवी बदलता येते, पण ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं. निदान पहिल्या खेपेला तरी.

पहिलं पेन कोणतं घ्यावं?

स्टीलच्या निबेचं, साधं, आणि सुटे भाग सहज मिळतील असं. लॅमी सफारी, पायलट मेट्रोपॉलिटन, प्लॅटिनम प्रेपी, कावेको स्पोर्ट ही नावं पुन्हा पुन्हा ऐकाल, आणि ती योग्यच आहेत. सफारी १९८० मध्ये शाळकरी मुलांसाठी म्हणून आली. तिच्या पकडीला दोन सपाट बाजू आहेत, बोटं नीट बसावीत म्हणून. ज्यांची पकड मुळातच वेगळी आहे त्यांना त्या बाजू बोचतात, मलाही बोचल्या. तेव्हा शक्य असेल तर हातात धरून पाहा, आणि नुसती सही करून थांबू नका, चार-पाच ओळी लिहा. सही कुठल्याही पेनाने बरी दिसते.

निब कोणती? एफ, एम आणि बी यांत नेमका फरक काय?

एफ बारीक, एम मध्यम, बी जाड, ईएफ अतिबारीक. पण हे माप सगळीकडे सारखं नाही. पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी कंपन्यांची निब युरोपीय निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. जपानी एम आणि जर्मन एफ शेजारी ठेवली तर रेघ जवळपास सारखी दिसेल.

यावरचे सल्ले बहुधा रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचे असतात, आणि इथे आपली गंमत वेगळी आहे. देवनागरीत एका अक्षराच्या पोटात बरंच काही भरलेलं असतं. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ जाड निबेने लिहून पाहा: पोकळ्या बुजतात, अनुस्वार आणि रफार एकमेकांत शिरतात. अक्षर लहान असेल तर एफच्या पुढे जाऊ नका. अक्षर मोठं, टपोरं असेल तर एम खुशाल घ्या, तिच्यात शाईचा रंग जास्त खुलतो.

स्टब नावाची चपट्या टोकाची निबही मिळते, बहुधा १.१ मिमी रुंदीची. ती उभी रेघ जाड आणि आडवी रेघ बारीक काढते. म्हणजे काना भरदार, शिरोरेषा नाजूक. रोजच्या वहीत हे सुरेख दिसतं. सुलेखन शिकायचं असेल तर मात्र लक्षात ठेवा की देवनागरीत टोकाचा कोन रोमनच्या उलट धरतात. तिरक्या कापाच्या तयार निबा रोमन डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. बोरूने जे साधतं ते त्यांनी सहज साधत नाही.

सोन्याची निब खरंच वेगळी लिहिते?

कागदाला सोनं कधी लागतच नाही. टोकावर एक कठीण धातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. त्याला सवयीने ‘इरिडियम’ म्हणतात, पण आज तो बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंच्या मिश्रणाचा असतो. स्टील असो वा सोनं, लिहितो हा दाणा.

सोनं आलं ते शाईमुळे. पूर्वीच्या शाया आम्लधर्मी असत आणि त्या काळच्या पोलादाला खात. सोनं गंजत नाही. आता स्टेनलेस स्टीलही टिकतं, त्यामुळे ते कारण उरलं नाही. काही सोन्याच्या निबा किंचित लवचीक असतात आणि लिहिताना मऊ वाटतात, हे खरं. पण तेही घडणीवर अवलंबून आहे. निबेवर ५८५ दिसलं तर १४ कॅरेट, ७५० दिसलं तर १८ कॅरेट. ४८१० दिसलं तर ते कॅरेट नव्हे. माँब्लाँ कंपनी आपल्या नावाच्या शिखराची उंची मीटरमध्ये कोरते. प्लॅटिनमच्या एका पेनाचं नावच ३७७६ आहे, ती फुजीची उंची. पेनवाल्यांना डोंगर का आवडतात ते मला कळलेलं नाही.

नवं पेन कागद खरवडतं. निब खराब आली का?

असू शकते, पण आधी हात तपासा.

एक साधा प्रयोग: पेन टोपणाशिवाय धरा, फक्त त्याचं स्वतःचं वजन कागदावर पडू द्या आणि हळू एक ओळ लिहा. खरखर कमी झाली? मग तुम्ही दाबताय. दाबल्याने निबेची दोन पाती फाकतात, मधली चीर रुंदावते, पात्यांच्या आतल्या कडा कागदात रुततात. सतत दाबलं तर पाती फाकलेलीच राहतात, आणि मग खरोखरच निब बिघडते. मला ही सवय मोडायला दोन महिने लागले. उपाय हास्यास्पद होता: लिहिताना पेन बोटांतून अलगद ओढून घेता आलं पाहिजे असं घरच्यांना सांगून ठेवलं. त्यांनी ते फारच मनावर घेतलं.

दुसरी गोष्ट, कोन. बॉलपेन आपण बरंच उभं धरतो. शाईपेन थोडं मागे कलतं ठेवा, ४५ अंशांच्या आसपास. तिसरी, निब डावी-उजवीकडे फिरलेली नाही ना. वरची बाजू आभाळाकडे असायला हवी.

एवढं करूनही खरवडत असेल तर १० पट भिंगातून टोक समोरून बघा. दोन्ही पाती एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर नखाने अगदी हलकेच खालचं पातं वर करा, पुन्हा बघा, पुन्हा लिहा. बारीक पॉलिश कागदावर निब घासण्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. ते पाहून पहिल्याच दिवशी निब घासायला बसू नका. घासून गेलेला धातू परत येत नाही, आणि चिरेच्या आतल्या कडा जास्त गोल झाल्या की पेन सुरू व्हायलाच कुरकुरतं. अशी एक निब माझ्याकडे आहे. माझ्याच हातची.

दुसऱ्याला लिहायला दिलं तर निब बिघडते का?

दोन ओळींनी काही होत नाही. दाणा फार कठीण असतो, त्याची झीज व्हायला वर्षं लागतात. भीती असते ती समोरचा बॉलपेनसारखा दाबेल याची. टोपण आपल्याच हातात ठेवा, म्हणजे पेनही परत येतं.

कार्ट्रिज, कन्व्हर्टर, पिस्टन: काय घेऊ?

कार्ट्रिज म्हणजे शाईची तयार कुपी, खोचली की झालं. कन्व्हर्टर म्हणजे त्याच जागी बसणारा छोटा पंप, त्याने दौतीतून कुठलीही शाई ओढता येते. त्यात बहुधा एक मिलिलिटरही मावत नाही, पण रंग बदलत राहणाऱ्याला तेच बरं. पिस्टनची पेनं, म्हणजे मागचं टोक फिरवून शाई थेट नळीत ओढणारी, जास्त शाई घेतात. पेलिकनने १९२९ मध्ये आणलेली ही रचना आजही तशीच चालते. सुरुवातीला कन्व्हर्टर घ्या. मात्र लॅमी, पायलट, पार्कर, सेलर, प्लॅटिनम यांची जोडणी प्रत्येकाची निराळी असते. एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्यात जबरदस्तीने घुसवू नका.

शाई कोणती? आणि कोणती कधीच नाही?

कधीच नाही ती आधी: चित्रकलेची इंडियन इंक. तिच्यात बहुधा लाख असते, ती वाळली की फीडच्या खाचा कायमच्या बंद होतात. बाटलीवर काळा सुंदर दिसतो, मीही फसलो आहे, आणि ते पेन पुन्हा लिहितं झालं नाही. टाकाने बुडवून लिहायच्या शाया, अॅक्रिलिक शाया, स्टॅम्प पॅडची शाई, सगळ्या बाहेर. बाटलीवर फाउंटन पेनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

रोजच्या शाया रंगद्रव्य पाण्यात विरघळवून केलेल्या असतात. त्या पेनाला सोप्या, धुवायला सोप्या, आणि कागदावर पाणी सांडलं तर पानही धुऊन नेणाऱ्या. फिकट निळी शाई उजेडात उडतेही.

टिकाऊ हवी असेल तर दोन वाटा. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक ही त्यातली नावाजलेली. दुसरी वाट जुनी: आयर्न गॉल. ओकच्या झाडावरच्या गाठींतलं टॅनिन आणि लोहाचा क्षार यांपासून युरोपात शतकानुशतकं ही शाई केली गेली. लिहिताना ती फिकी दिसते आणि हवेतला ऑक्सिजन लागून हळूहळू काळवंडते. सकाळी लिहिलेली ओळ संध्याकाळी जास्त गडद झालेली पाहणं हा या छंदातला माझा सगळ्यात आवडता फुकटचा खेळ. आजच्या आयर्न गॉल शाया पूर्वीपेक्षा सौम्य आहेत, तरी या दोन्ही प्रकारच्या शाया पेनात सुकू द्यायच्या नाहीत. महिनाभर लिहिणार नसाल तर पेन धुऊनच ठेवा.

चमकीच्या शाया? सुरेख दिसतात. बारीक निबेत भरू नका.

शाई कागदावर फुटते, मागच्या पानावर उमटते. पेनाचा दोष?

कागदाचा. कागद करताना त्यात शाई चटकन शोषली जाऊ नये म्हणून एक द्रव्य घालतात. ते कमी असेल तर शाई तंतूंच्या वाटेने पसरते आणि अक्षराला केस फुटतात. जाड कागद म्हणजे चांगला कागद, हा गैरसमज. टोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद अवघा ५२ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५२ ग्रॅम), अगदी पातळ, आणि तरी त्यावर शाई जराही फुटत नाही. पाठीमागचं लिखाण त्यातून दिसतं, आणि शाई वाळायलाही वेळ लागतो. टीपकागद जवळ ठेवा. आहे तोच वाईट कागद वापरणं भाग असेल तर बारीक निब आणि ‘कोरडी’, म्हणजे कमी वाहणारी शाई यांनी बरंच निभावतं.

पेन किती दिवसांनी धुवायचं?

रोज लिहीत असाल तर महिना-दोन महिन्यांनी, आणि शाई बदलताना प्रत्येक वेळी. साधं पाणी आत-बाहेर खेळवायचं, स्वच्छ येईपर्यंत. हट्टी डागाला पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादाच थेंब, मग पुन्हा नुसतं पाणी.

सकाळी पहिला शब्द उमटतच नाही.

टोपण नीट बंद होत नसेल आणि निबेवरचं पाणी उडून जात असेल. टोक क्षणभर ओल्या फडक्यावर टेकवा. झटकू नका. भिंतीवरची ती निळी नक्षी मी अजून झाकलेली आहे.

विमानात नेता येतं?

येतं. वर हवेचा दाब कमी होतो आणि टाकीतली हवा शाई बाहेर ढकलते. म्हणून टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा, आणि चढताना-उतरताना निब वर.

मी डावखुरा आहे. हे माझ्यासाठी नाही ना?

आहे. हात ओळीच्या खाली ठेवून लिहीत असाल तर काहीच अडचण नाही. वरून वळवून लिहीत असाल तर ओली अक्षरं पुसली जातात; बारीक निब, लवकर वाळणारी शाई, आणि शाई शोषणारा थोडा साधा कागद घ्या.

अक्षर सुधारेल?

आपोआप नाही. वेग कमी होतो आणि दाब कमी होतो, त्यामुळे अक्षर थोडं मोकळं पडतं. पूर्वी ज्या अक्षराची तुम्हाला लाज वाटायची तेच अक्षर, जरा निवांत बसलेलं.

किती पेनं पुरेत?

शाई भरलेली तीन. त्याहून जास्त असली की एक तरी सुकतंच. विकत घेतलेल्या पेनांबद्दल मी बोलणार नाही, घरात हे वाचलं जातं. एवढंच म्हणेन की नवं पेन मागवण्याचा मोह बहुतेकदा काही लिहायचं नसलेल्या दिवशी होतो. त्या दिवशी कुणाला तरी पत्र लिहा. मोह गेला नाही तरी पत्र तर होतं.

बोटांवरची आणि कपड्यांवरची शाई कशी काढू?

बोटांवरची साबणाने अर्धी जाते, नखांच्या कडेची दोन दिवस राहते. कपड्यावर पडली तर घासू नका, ती पसरते. आधी टिपून घ्या, मग मागच्या बाजूने थंड पाण्याची धार धरा, मग साबण. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नको, उष्णतेने तो पक्का बसू शकतो. शाई पिगमेंटची असेल तर तो शर्ट इथून पुढे लिहायला बसण्याचा शर्ट.